फुलबॅकची जागा

बॅटी कॉटरने कॉनच्या कोटाची बाही मागून धरली आणि हिसडा दिला.

"पाय काढ तिथून."

"कुठून?"

"उंबरठ्यावरून. अख्खं गाव बघतंय."

गाव खरोखरच बघत होतं. प्रॉटेस्टंटांच्या त्या लहानशा चर्चच्या आवारात, दारापासून फाटकापर्यंत, किलब्रॅकचे निम्मे कॅथलिक मार्चच्या वाऱ्यात बोडक्या डोक्याने उभे होते. आत डॉक्टर ॲटरिजची शवपेटी होती, आणि आत जायला यांना बंदी होती. बंदी काही आजची नव्हती. दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला बसणं हे पाप, हे इथल्या पोरांना दात येण्याआधी कळतं. तरी रविवारी गावच्या कॅथलिक पाद्र्यांनी, कॅनन टोबिननी, पुन्हा बजावलं होतं: डॉक्टर भला माणूस होता, त्याला मान द्यायचा तो बाहेरून द्या. स्वतः कॅनन रस्त्यापलीकडे, पुलाच्या कठड्याशी जपमाळ घेऊन उभे होते. दोन हिवाळ्यांपूर्वी न्यूमोनियातून याच डॉक्टरांनी त्यांना ओढून काढलं होतं, त्यामुळे तेही बाहेरूनच, पण सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहिले होते.

"उंबरठा म्हणजे आत नव्हे," कॉन म्हणाला.

"वा रे वा. गोलरेषेवर चेंडू टेकला तर गुण मिळतो की नाही? मग रेषेवर पाय टेकला की गेलास आत."

"ही गोलरेषा नव्हे. ही बाजूची रेषा."

"बाजूची कशावरून?"

"ते सोड. बाजूच्या रेषेला नुसता बूट लागला तर पंच काय म्हणतो?"

"बाहेर म्हणतो," बॅटी बोलून गेला.

"मग मी बाहेरच आहे. बाही सोड."

मागे उभा असलेला मॉसी क्रिमिन फसकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. बॅटीने बाही सोडली, पण हरल्याचं मान्य केलं नाही. तो खाटीक होता, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याने काहीही मान्य केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कॉन डिनीन लोहार, मॉसी नावाडी. पोरवयात हे तिघे आणि डॉक्टर गावाच्या एकाच रग्बी संघात खेळले होते. आज फाटकापासून स्मशानापर्यंत पेटी त्यांनीच खांद्यावर न्यायची, असं डॉक्टरांच्या बहिणीने, मिस हॅरिएटने ठरवलं होतं. चर्चपासून फाटकापर्यंत मात्र आतल्या माणसांनाच आणावी लागणार होती, आणि आत होते कोण? बँकेतला एक कारकून आणि चार-पाच म्हातारे शेतकरी, त्यातले दोघे काठीवाले.

पण कॉन उंबरठ्यावर पाय रोवून उभा होता तो पेटीसाठी नव्हे. त्याला ऐकायचं होतं.

डॉक्टर ॲटरिज आधी गावाकडून आणि मग आयर्लंडकडून फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागचा गडी, म्हणून खेळले, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बॅटीच्या दुकानात, टांगलेल्या मेंढ्यांच्या वर, हिरव्या जर्सीतला त्यांचा फोटो अजून आहे. त्यानंतर पहिलं महायुद्ध झालं. डॉक्टर पलटणीबरोबर फ्रान्सला गेले आणि परत आले ते इंग्लंडच्या राजाच्या हातचं शौर्यपदक घेऊन. त्या दिवसांत आयर्लंड इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उठलं होतं; किलब्रॅकमध्ये राजाच्या हातचं काही मिळालं असेल तर माणूस ते ट्रंकेच्या तळाशी टाकून वर चार घोंगड्या घालायचा. डॉक्टरांनीही तेच केलं. पदक कोणी पाहिलं नाही, आणि ते कशाबद्दल मिळालं हे कोणाला कळलं नाही. मग गावाने आपल्या परीने शोध लावले. बॅटीच्या मते त्यांनी एकट्याने जर्मनांची तोफ पकडली होती. मॉसीच्या बायकोला पक्की खबर होती, की त्यांनी कुठल्याशा सेनापतीच्या पोटातून गोळी काढली, आणि तीसुद्धा चहाच्या चमच्याने.

कॉनने मात्र सरळ विचारलं होतं. एकदा नव्हे, दर वर्षी-दोन वर्षांनी. गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाला की डॉक्टर त्याच्या भट्टीपाशी येऊन बसायचे, पाइप ओढायचे, घोड्यांच्या नालांवर उगाच मतं द्यायचे. विषय निघाला की निखाऱ्यांकडे बघत एवढंच म्हणायचे, "ऑफसाइड होतो रे, कॉन. पंचाचं लक्ष नव्हतं."

हसण्यावारी न्यायचे. कॉनही हसायचा. पण ते त्याला लागायचं. चाळीस वर्षं ज्याच्या भट्टीवर पाय शेकले, ज्याच्या तीन मुलांना स्वतःच्या हाताने जगात आणलं, ज्याची बायको गेली तेव्हा तीन दिवस दवाखाना बंद ठेवून शेजारी बसले, त्याला एक गोष्ट सांगता आली नाही? आपण गावातले लोहार, ते शिकलेले, वर प्रॉटेस्टंट. त्यांच्या लेखी आपण मित्र होतो की नुसती ऊबदार जागा, हा प्रश्न कॉनने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की त्याची आता त्यालाच लाज वाटायची.

आणि काल मिस हॅरिएट भट्टीवर आली होती. इंग्लंडहून एक गृहस्थ आलेत, म्हणाली. मिस्टर क्लेग. माझ्या भावाला, वेस्लीला, पदक मिळालं ते यांना वाचवल्याबद्दल. ते चर्चमध्ये बोलणार आहेत.

"तू आत नाही येणार ना, कॉन?" तिने विचारलं होतं.

"तुम्हाला माहीत आहे, मिस हॅरिएट."

"आहे माहीत. दार उघडं राहायला वीट लावायला सांगते."

दाराला वीट लावलेली होती. आतलं सगळं छान ऐकू येत होतं. ऑर्गन ऐकू आला, स्तोत्रं ऐकू आली. कॅथलिकांना ती येत नव्हती तरी मॉसी तोंडातल्या तोंडात सूर धरत होता, आणि बॅटीने डोळे वटारले की थांबत होता. त्यांचे पाद्री रेक्टर पॅटिसन यांचा आवाज तर फाटकापर्यंत पोचला. मग आत कोणीतरी उठल्याचा, काठी टेकल्याचा आवाज झाला. आणि नंतर काहीच नाही.

कॉनने मान पुढे काढली. पेटीशेजारी एक उंच, वाळका माणूस उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

"बोलतोय का?" मॉसीने विचारलं.

"बोलतोय."

"मग ऐकू का येत नाही?"

"लढाईतला विषारी गॅस खाल्लेला दिसतोय," बॅटी म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचं तसंच होतं. दाराच्या फटीतून वारा यावा तेवढाच आवाज."

कॉनने उंबरठ्यावर दुसरा पाय ठेवला. कान पुढे केला. वाऱ्याने मागे झाडं सळसळत होती. 'सकाळी' असा एक शब्द आला, 'खड्डा' असा एक आला, आणि मग पुन्हा नुसते ओठ. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती गोष्ट तिथे, वीस पावलांवर, सांगितली जात होती, आणि ती संपल्यावर हा माणूस आगगाडीत बसून निघून जाणार होता.

"कॉन," बॅटी म्हणाला. "कॉन, नको हं."

कॉन आत गेला.

आत जाताच त्याचा हात सवयीने भिंतीकडे गेला, पवित्र पाण्यात बोटं बुडवायला. तिथे पाणी नव्हतं, छत्र्या ठेवायचा पितळी डबा होता. बोटं कोणाच्यातरी ओल्या छत्रीला लागली. तेवढ्यावर त्याने क्रूसाची खूण केली, गुडघा टेकला, आणि प्रॉटेस्टंट असलं काही करत नाहीत हे लक्षात येईपर्यंत उठून शेवटच्या बाकावर बसलाही. दोन-चार डोकी वळली. मिस हॅरिएटने वळून पाहिलं नाही, पण तिची पाठ ताठ झाली ती त्याला दिसली. आतमध्ये काहीतरी वेगळं असेल असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. बाकं होती, खिडक्या होत्या, आणि मेणाचा तोच वास होता.

पेटीवर एका जांभळ्या कापडावर पदक ठेवलं होतं. केवढंसं होतं ते.

"...पदकाच्या कागदावर लिहिलंय की गोळीबारात त्यांनी मला उचलून आणलं," क्लेग सांगत होता. इथे त्याचा आवाज पोचत होता, जेमतेम. "आणलं. खरं आहे ते. पण ते रात्री, अंधार पडल्यावर. त्यात नवल नाही, अंधारात कोणीही आणलं असतं. मला सांगायचाय तो दिवस. सकाळी मी दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात पडलो. मांडी फुटलेली. डॉक्टरांनी आपलं ठाणं सोडून पुढे यायचं नाही, असा सक्त हुकूम होता. ते आले. मांडी बांधली. आणि मग दोघांनाही डोकं वर काढता येईना. खड्डा या दोन बाकांएवढा. मी एकोणीस वर्षांचा होतो, गिरणीतला पोरगा. मला फक्त झोपायचं होतं. ते म्हणाले, झोपलास तर उठणार नाहीस. मला जागं ठेवायला त्यांनी गप्पा मारून पाहिल्या, गाणी म्हणून पाहिली. गाणं त्यांना येत नव्हतं."

मिस हॅरिएटच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. हसण्याचा असावा.

"मग त्यांनी मला आपल्या गावाचा संघ सांगायला घेतला. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते एकेक गडी घ्यायचे. नाव सांगायचे, धंदा सांगायचे, मग त्याची खोड. मग सगळं मला परत म्हणायला लावायचे. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत तेच. मला माझ्या गल्लीतली माणसं आता आठवत नाहीत, पण ती आठवतात. एक लोहार होता. कॉन. उजवीकडे चेंडू देतो तो दोरीने ओढल्यासारखा सरळ जातो. डावीकडे द्यायची वेळ आली की डोळे मिटून देवाचं नाव घेतो, आणि मग चेंडू जाईल तिकडे जाईल."

"मिटत नाही मी डोळे," कॉन म्हणाला.

ते त्याच्या तोंडून निघून गेलं. सगळं चर्च वळलं. क्लेगनेही मान वर केली आणि पेटीवरून, दोन ओळी म्हाताऱ्यांवरून, शेवटच्या बाकाकडे पाहिलं. गावचा पत्ता विचारत फिरणाऱ्याला अचानक घर समोर दिसावं तसा त्याचा चेहरा झाला.

"तुम्हीच कॉन?"

कॉनने मान हलवली.

"म्हणजे तुम्ही सगळे खरे होतात," क्लेग म्हणाला. "मला कधीकधी वाटायचं, मला जागं ठेवायला त्यांनी रचून सांगितलं." मग घाईघाईने, कोणी निघून जाईल या भीतीने म्हणावं तसा तो म्हणाला, "मग तो खाटीक? बॅटी? पंचाने निकाल त्याच्या बाजूने दिला तरी जो पंचाशी भांडतो?"

कॉन हसला. चर्चमध्ये, अंत्यविधीत, मोठ्याने.

"काय झालं?" दारातून बॅटीचा आवाज आला. "माझं नाव घेतलं का त्याने? काय म्हणाला?"

"भांडखोर म्हणाला!"

"कोण, मी? मी कधी भांडलो? त्याला म्हणावं, एक प्रसंग सांग! एक!" आणि हे विचारत विचारत बॅटी कॉटर मधल्या वाटेच्या अर्ध्यापर्यंत येऊन पोचला. आपण कुठे उभे आहोत हे कळल्यावर त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि परत येऊन कॉनच्या शेजारी असा बसला, की जणू जागेची पावतीच फाडली आहे.

मॉसीचं नाव आलं तेव्हा मॉसी आधीच आत होता. तो पळायचा फार छान, क्लेग म्हणाला, पण निघताना चेंडू घ्यायला विसरायचा. मग बेकरीवाला आला, मग शाळामास्तराचा मुलगा, जुळे भाऊ. काही नावांना दारातून उत्तर मिळत होतं आणि उत्तरापाठोपाठ माणूस आत येत होता. काही नावांना उत्तर मिळालं नाही. तिथे क्लेग थोडं थांबायचा, समजायचा, आणि पुढे जायचा. रेक्टर पॅटिसन हातातल्या पुस्तकात कुठलंसं पान शोधत होते; त्यांना ते बराच वेळ सापडलं नाही. उघड्या दारातून पूल दिसत होता. कॅनन टोबिननी चर्चकडे पाठ केली होती आणि ते ओहोटीला लागलेल्या नदीकडे पाहत होते, जिथे चिखलाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"संध्याकाळ झाली तेव्हा मी त्यांना विचारलं," क्लेग म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी संपत आला होता आणि सगळे पुढे वाकून ऐकत होते. "म्हटलं, हे सगळे झाले, पण सगळ्यात मागे कोण असतो? एवढं मला दिवसभरात कळलं होतं, की मागे कोणीतरी लागतो. ते म्हणाले, फुलबॅक. आमच्याकडे ती जागा रिकामी आहे. रात्र होईपर्यंत जागा राहिलास, तर जागा तुझी."

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी राहिलो. नंतर गिरणी, लग्न, आजारपण... इकडे यायला कधी जमलं नाही. त्यांनीही कधी आठवण काढली नाही. विचारायचं मात्र राहून गेलं. ती जागा पुढे कोणाला दिली तुम्ही?"

म्हातारे एकमेकांकडे पाहत होते. बॅटीने तोंड उघडलं.

"रिकामी कशी असेल? अहो, ती तर—"

कॉनने त्याच्या बुटावर पाय दिला, सगळा भार टाकून. आणि बॅटी कॉटरने आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य अर्धं सोडलं.

कॉनला युद्धानंतरचा तो वसंत आठवला. पहिल्या सरावाच्या दिवशी तो डॉक्टरांची जुनी जर्सी बायकोकडून धुऊन, इस्त्री करून त्यांच्या दारात घेऊन गेला होता. त्या दिवसांत गावात डॉक्टरांच्या गणवेशावरून कुजबूज चालली होती. कोणी पाठ फिरवायचं, कोणी रस्ता बदलायचं. डॉक्टरांनी जर्सीवरून हात फिरवला आणि ती परत दिली. "ती जागा आता माझी नाही, कॉन." एवढंच म्हणाले, आणि पुन्हा कधी मैदानात उतरले नाहीत. कॉनने तो टोमणा समजला होता. गावाने आपल्याला परकं केलं असं ते म्हणताहेत, त्यात आपणही आलो, असं समजून तो ती जर्सी काखेत मारून मान खाली घालून घरी आला होता. इतक्या वर्षांत तो तिसऱ्या कोणाशी ते बोलला नव्हता.

तो उठून उभा राहिला.

"कोणालाच नाही दिली," तो म्हणाला. "रिकामीच आहे. तुम्ही आला नाहीत ना."

त्या वसंतानंतर किलब्रॅककडून फुलबॅकला किती पोरं खेळून गेली, त्याची गणती नाही. बॅटीचा थोरला त्यातलाच. बॅटी छताकडे पाहत राहिला आणि त्याने मान डोलावली.

"रिकामीच," तो म्हणाला. "विचारा कोणालाही."

बँकेतला कारकून पेटीकडे निघाला होता, तो थांबला. कॉन मधल्या वाटेने पुढे गेला. शवपेटीच्या दोन्ही अंगांना त्याने माणसं लावली, मॉसी इकडे, बेकरीवाला तिकडे, बॅटी पुढे, कारण बॅटी मागे असला की सूचना देतो. मिस हॅरिएटने पुढे होऊन पदक आणि जांभळं कापड उचललं. मग ती क्लेगसमोर आली आणि तिने हात पुढे केला. त्याला आधी कळलं नाही. मग त्याने काठी तिच्या हातात दिली.

"फुलबॅक मागे असतो," कॉन त्याला म्हणाला. "या माझ्या शेजारी. पाय दुखला तर सांगा, भार माझ्याकडे घेईन. लाजायचं नाही."

"मला यातलं काही येत नाही," क्लेग म्हणाला.

"आम्हाला तरी कुठे येतं? वाका. सगळे एकदम."

ते दारातून बाहेर पडले तेव्हा आवारातल्या गर्दीने वाट दिली. बायकांनी क्रूसाची खूण केली. वाऱ्याने म्हाताऱ्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. क्लेग लंगडत होता, त्यामुळे पेटी मागच्या बाजूने किंचित हिंदकळत होती, आणि पुढून बॅटी न वळता, हलक्या आवाजात, पावलं कशी टाकायची ते सांगत होता.

फाटकापाशी कॅनन टोबिन आले होते. रस्ता ओलांडून, पण फाटकाच्या बाहेर. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आतून आलेल्या प्रत्येकाकडे, आणि शनिवारी पापनिवेदनाला केवढी रांग लागणार याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. पेटी पुढे सरकली. शेवटची दोन माणसं शेजारून जाऊ लागली तसे कॅनन त्यांच्याबरोबर चालू लागले.

"कॉन," ते हळूच म्हणाले.

"फादर."

"मग? सांगितलं का त्यांनी? पदक कशाबद्दल होतं?"

कॉनने खांदा हलवला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात पेटीला होते, त्यामुळे ते पुसायची सोय नव्हती.

"डॉक्टर आमची नावं घेत होते, फादर," तो म्हणाला. "दिवसभर."